लावणीनंतरचं पाणी आणि युरिया: भातशेतकऱ्यांसाठी हंगामी सल्ला

एखाद्या प्रदेशाचा हरितगृह वायूंचा आलेख चढला की बोट आधी कारखान्यांकडे आणि गाड्यांकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच आलेखात शेतीच्या नावावर दोन वायू लागतात, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८ किलो आणि एक किलो नायट्रस ऑक्साइड म्हणजे २७३ किलो. पहिला रवंथ करणाऱ्या जनावरांतून आणि पाणी तुंबलेल्या भातखाचरातून सुटतो, दुसरा मुख्यतः नत्रखतातून. जनावरांचा विषय मोठा आहे, तो आज बाजूला ठेवू.

आलेखाबद्दल एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. यातले बहुतेक आकडे बांधावर यंत्र लावून मोजलेले नसतात. भाताखालचं क्षेत्र, खपलेलं खत, जनावरांची संख्या यांना ठरावीक गुणकांनी गुणून ते काढतात. म्हणून दुष्काळात लागवड घटली की रेघ आपसूक खाली येते. त्याला सुधारणा म्हणायचं नाही. पिकलेल्या क्विंटलमागे किती वायू गेला, ते पाहायला हवं.

आता पाणी. खाचर सतत भरलेलं राहिलं की मातीतली हवा संपते आणि मिथेन तयार करणारे जिवाणू फोफावतात. फुटव्यांच्या भरात एकदाच पाणी सोडून दिलं तरी मिथेन साधारण ३० टक्क्यांनी कमी होतो. त्यापुढची पायरी म्हणजे आलटून पालटून ओलं-कोरडं ठेवणं. त्यासाठी ३० सेंटीमीटर लांबीचा पाइपाचा तुकडा घ्या. खालच्या अर्ध्या भागाला चहूबाजूंनी भोकं पाडा, तेवढा भाग चिखलात रोवा आणि आतली माती काढून टाका. लावणीनंतर दोनेक आठवड्यांनी, रोप धरल्यावर, सुरुवात करा. पाइपातलं पाणी जमिनीच्या खाली १५ सेंटीमीटर गेलं की पुन्हा ५ सेंटीमीटर पाणी द्या. वरून जमीन कोरडी दिसली तरी घाबरू नका, मुळांना खाली ओल मिळत असते. फुलोऱ्याच्या आधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा मात्र खाचरात पाणी ठेवाच. तिथे कंजुषी केली तर दाणे पोचट राहतात. सलग पाऊस असेल तर हा खटाटोप करू नका. बांधाची मोरी उघडी ठेवा, तेवढं पुरे. तण जास्त येणाऱ्या खाचरात सुरुवात आणखी आठवडाभर लांबवलेली बरी.

पाण्याइतकाच युरियाही सांभाळावा लागतो, कारण ओल्या-कोरड्याच्या फेऱ्यात मिथेन घटतो खरा, पण नत्र चुकीच्या वेळी पडलं तर नायट्रस ऑक्साइड वाढतो. हिशेब सोपा आहे. १०० किलो युरियात ४६ किलो नत्र. त्यातलं एक टक्का जरी नायट्रस ऑक्साइड होऊन उडालं तरी साधारण पाऊण किलो वायू होतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात जवळजवळ २०० किलो. म्हणून कोरड्या फेरीच्या शेवटी युरिया टाका आणि लगेच पाणी द्या, म्हणजे नत्र मातीत उतरतं. साचलेल्या पाण्यावर फेकलेल्या युरियाचा बराच भाग अमोनिया होऊन उडून जातो. मुसळधार पावसाची चिन्हं असतील तर युरियाचा हप्ता दोन दिवस पुढे ढकला.

किती टाकायचं ते शेजाऱ्याकडे बघून ठरवू नका. पानांच्या रंगाचा तक्ता, म्हणजे हिरव्या रंगाच्या फिक्या-गडद छटा असलेली पट्टी, आठ-दहा दिवसांनी लावा. दहा रोपांचं वरचं पूर्ण उघडलेलं पान, आपल्या अंगाच्या सावलीत धरून, तक्त्याशी जुळवा. सहा किंवा अधिक पानं तुमच्या वाणासाठी सांगितलेल्या रंगापेक्षा फिकी निघाली तरच हप्ता द्या. माझ्या मते हा तक्ता खताच्या दहा सल्ल्यांना भारी आहे.

काढणीनंतर पेंढा जाळू नका. त्यातलं नत्र धुरात जातं. पण चिखलणीच्या तोंडावर ताजा पेंढा गाडणंही टाळा, त्यानं मिथेन भडकतो. महिनाभर आधी गाडा किंवा कुजवून कंपोस्ट करून घाला.

पाणी कधी तोडलं, युरिया कधी आणि किती टाकला, या तारखा वहीत लिहून ठेवा. सरासरी गुणकाला तुमच्या खाचरातला फरक कळत नाही. उत्सर्जन घटवल्याचा मोबदला मागायची वेळ आली तर पहिली विचारणा याच नोंदींची होते.