साबणाची लादी कापायला तयार झाली, हे कसं ओळखायचं

साच्यात ओतलेला कोल्ड प्रोसेस साबण (तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळून, न शिजवता केलेला) २४ तासांनी कापायचा, असं सर्रास सांगितलं जातं. हा आकडा अंदाजापुरता ठीक आहे. लादी कधी कापायची हे ठरतं त्यातल्या तेलांवर, पाण्यावर आणि साबण आतून किती तापला होता त्यावर.

खोबरेल, पाम आणि ऑलिव्ह तेल यांचं नेहमीचं मिश्रण १८ ते ४८ तासांत कापण्याजोगं होतं. निव्वळ ऑलिव्ह तेलाच्या साबणाला तीन-चार दिवस, कधी आठवडाही लागतो. निव्वळ खोबरेलाचा साबण मात्र काही तासांतच कडक होतो. तो रात्रभर ठेवला तर सकाळी सुरीखाली त्याच्या ढलप्या उडतात. भरपूर मीठ घातलेल्या साबणावर तर ओतल्यापासून तासाभरातच लक्ष ठेवायला लागा. हे दोन्ही साबण सुट्या वड्यांच्या साच्यात ओतलेले सर्वात बरे, म्हणजे कापायचा प्रश्नच येत नाही.

आधी साच्याच्या तळाला हात लावून पाहा. तो कोमट लागत असेल तर आत अजून जेल अवस्था (साबण आतून तापून जेलीसारखा होणं) चालू असू शकते किंवा लादी निवायची असेल, म्हणून थांबा. पूर्ण निवल्यावर हातमोजा घालून लादीची कड आणि मधला भाग, दोन्हीकडे बोटाने दाबा. कड नेहमी आधी घट्ट होते, त्यामुळे खरी परीक्षा मध्यभागाची. बोट रुतलं किंवा मोज्याला साबण चिकटला, तर आणखी १२ तास द्या. फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या लोण्यासारखा घट्ट लागला, जोर दिल्यावर पुसटसा ठसा उमटला आणि मोजा कोरडा राहिला, की वेळ झाली. बाजू साच्यापासून सहज सुटत असतील तर तीही चांगली खूण.

तरी खात्री नसेल तर एका टोकाची अर्धा सेंटिमीटर चकती कापून बघा. पात्याला लगदा चिकटून कापलेला भाग ओरखडल्यासारखा दिसला तर घाई झाली. कड तुटून भुगा पडला तर बहुधा उशीर झाला. लादी वेळेत कापूनही भुगा होत असेल तर कॉस्टिक सोड्याचं वजन पुन्हा तपासा. तो जास्त पडला की साबण खडूसारखा ठिसूळ होतो. कापल्यावर आत द्रव भरलेले खळगे दिसले तर तो न मिसळलेला सोडा असू शकतो. असा साबण वापरू नका.

दोन दिवसांनीही लादी मऊच असेल तर बहुतेक वेळा दोष जास्तीच्या पाण्याचा असतो. एक भाग कॉस्टिक सोड्याला दोन भाग पाणी धरलं तर साबण लवकर आवळतो. खोटा ट्रेस, म्हणजे तेल आणि सोडा नीट एकजीव होण्याआधीच घट्ट चरबी थंड होऊन मिश्रण दाट दिसणं, हेही एक कारण. ५०० ग्रॅम तेलामागे एक छोटा चमचा सोडियम लॅक्टेट (साबण घट्ट करणारा एक क्षार) निवलेल्या सोड्याच्या पाण्यात घातलं तर लादी साच्यातून नीट सुटते. सिलिकॉनच्या साच्यातून ती निघतच नसेल तर दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा; पण बाहेर काढल्या काढल्या कापू नका, तडे जातात. खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

कापताना लादी एका कुशीवर आडवी करा, म्हणजे वरची सजावट किंवा फुलांचे तुकडे पात्याबरोबर ओढले जाऊन वडीवर रेघा उठत नाहीत. पातळ पातं किंवा ताणलेली तार सरळ खाली दाबा, करवतीसारखी मागेपुढे करू नका. अडीच सेंटिमीटर जाडीच्या वड्या चांगल्या सुकतात. हातमोजे शेवटपर्यंत ठेवा, कारण या टप्प्यावर साबणात सोडा शिल्लक असू शकतो आणि तो त्वचेला चावतो. वड्यांमध्ये बोटभर अंतर सोडून त्या हवेशीर जागी चार ते सहा आठवडे मुरू द्या.