शीर दबल्यावर पहिले काही आठवडे कसे काढायचे

कमरेतून कुल्ल्यात आणि तिथून मांडीच्या मागून पार पोटरीपर्यंत करंट मारल्यासारखी कळ गेली की माणूस घाबरतोच. बहुतेक वेळा हा सायटिका असतो, म्हणजे कमरेच्या खालच्या मणक्यांमधली गादी सरकून शिरेवर दाब येतो.

आधी हे बघा. लघवी अडलीये किंवा होतेय ते कळत नाही, शौचावर ताबा नाही, आपण बसतो ती जागा बधिर झालीये, पाऊल वर उचलत नाही आणि चालताना चप्पल निसटते, यातलं काहीही असेल तर ओपीडीची वाट बघू नका, रात्र असली तरी मुंबईत केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत जा नाहीतर १०८ ला फोन करा. इथे तासांनी फरक पडतो, खरंच.

हे काही नसेल तर एक-दोन दिवसांत डॉक्टरला दाखवा. लगेच एमआरआय लिहून दिला नाही म्हणून नाराज होऊ नका, काहीच दुखत नसलेल्या लोकांच्या रिपोर्टमध्येही गादी सरकलेली दिसते. मालिशवाल्याकडे जाऊन कंबर मोडून घेऊ नका, प्लीज. प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन ही शिरेच्या दुखण्यावरची गोळी दिली असेल तर सुरुवातीला झोप येते, गरगरतं, तेव्हा लोकलच्या दारात उभं राहायचं नाही, आणि बरं वाटलं म्हणून गोळी मनाने एकदम बंदही करायची नाही.

दिवसभर पडून राहू नका, त्याने अंग आखडतं. थोडं थोडं घरातल्या घरात चाला. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळा, दोन्ही पाय एकदम खाली सोडा आणि हाताने बिछाना दाबून वर या. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. बऱ्याच जणांना बसल्यावरच जास्त दुखतं, म्हणून ऑफिसला काही दिवस घरून काम मागा, जावंच लागलं तर गर्दी टाळून उशिराची ट्रेन पकडा आणि खड्ड्यांतून रिक्षा शक्यतो नको, तिचे दणके थेट कमरेत बसतात.

आता सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न, बरं कधी होणार? बऱ्याच जणांना ६ ते १२ आठवड्यांत चांगला फरक पडतो, काहींना जास्त वेळ लागतो, आणि तुमचं नक्की किती ते पहिल्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही. काल बरं होतं आज परत कळ आली, असं होणारच, त्यामुळे रोज मोजू नका, आठवड्याला एकदाच लिहा: न थांबता किती वेळ चाललो, रात्री कितीदा जाग आली, कळ कुठपर्यंत जाते. ती पोटरीतून वर सरकत फक्त कमरेत उरली तर ते सहसा सुधारण्याचं लक्षण, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी. मुंग्या आणि बधिरपणा मात्र बऱ्याचदा कळ थांबल्यावरही रेंगाळतो.

डॉक्टरला "बरं होईल ना?" यापेक्षा "किती आठवडे वाट बघायची आणि फरक नाही पडला तर पुढे काय करायचं?" असं विचारा, फिजिओ कधी सुरू करायची तेही विचारून घ्या, आणि जाताना तो आठवड्यांचा कागद सोबत न्या.