आरएनएवर संशोधन आणि शिकवण्यातही सुधारणा : दोन्ही करायचं असेल तर

पीएचडीच्या मधल्या वर्षांतले विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात, तोही दार लोटून घेऊन. "मला शिकवायलाही आवडतं. गाईडना सांगू का?" आवाज दबका असतो, कारण संशोधनाच्या जगात शिकवण्याची आवड म्हणजे मन लॅबमध्ये रमत नसल्याची खूण मानली जाते. दोन डगरींवर पाय ठेवू नये असा सल्ला मलाही भरपूर मिळाला. तरी मी दोन्ही करत आलो: लॅबमध्ये आरएनए, आणि बाहेर पदवीच्या पहिल्या वर्षांचे रेणवीय जीवशास्त्राचे वर्ग सुधारण्याचं काम. ज्यांना या वाटेने यायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी संशोधनाचं. आरएनए हा विषय निवडलात तर एक गोष्ट पक्की समजा, पाठ्यपुस्तक सतत मागे पडत राहणार. डीएनएचा निरोप प्रथिनांपर्यंत पोचवणारा हरकाम्या, एवढीच या रेणूची ओळख बराच काळ शिकवली जायची. 1982 मध्ये थॉमस चेक यांच्या गटाने टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात स्वतःलाच कापून जोडणारा आरएनए दाखवला आणि एन्झाइम म्हणजे प्रथिनच, हा समज मोडला. त्यासाठी 1989 चं रसायनशास्त्राचं नोबेल चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना मिळालं. 1993 मध्ये एका चिमुकल्या कृमीत पहिला मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांच्या कामाला लगाम घालणारा इवलासा आरएनए, सापडला, तेव्हा ही त्या कृमीचीच काहीतरी लहर असावी असं बऱ्याच जणांना वाटलं. 2000 मध्ये लेट-7 हा दुसरा सापडला, तो माणसासकट कितीतरी प्राण्यांत निघाला, आणि मग सगळे जागे झाले. त्या पहिल्या शोधाचं नोबेल यायला 2024 उजाडलं. तेव्हा आज ज्या विषयाकडे कुणी ढुंकून बघत नाही तो निवडायला घाबरू नका. पण सोबतीला लवकर निकाल देणारा एखादा छोटा प्रकल्प हाताशी असू द्या. उपाशीपोटी धाडस टिकत नाही.

लॅबमधल्या बेंचवर नवख्यांचे पहिले काही महिने आरएनेज, म्हणजे आरएनए तोडणारी एन्झाइम्स, खातात. आरएनएच्या साखरेवर दोन नंबरच्या कार्बनला जो हायड्रॉक्सिल गट असतो, त्यामुळे हा रेणू मुळातच तुटायला सोपा. त्यात त्याला तोडणारं एन्झाइम आपल्याच त्वचेवर असतं. आरएनेज ए तर चार डायसल्फाइड बंधांनी असं घट्ट बांधलेलं असतं की उकळलं तरी थंड झाल्यावर पुन्हा कामाला लागतं. म्हणून ग्लोव्ह्ज बदलत राहा, आरएनएची पिपेटं वेगळी ठेवा, नमुने उणे 80 अंशांवर ठेवा आणि वितळवून परत गोठवणं टाळा. हे कुणीही सांगेल. मी नव्या मुलांकडून एक जास्तीची गोष्ट करून घेतो. 260 आणि 280 नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर दोनच्या आसपास आलं की मूल खूश होतं. पण त्या आकड्याला एवढंच कळतं की प्रथिनं फारशी मिसळलेली नाहीत. आरएनए अखंड आहे की त्याचा भुगा झालाय हे त्याला कळत नाही, भुगाही प्रकाश तितकाच शोषतो. जेल चालवून, म्हणजे आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करून, पेशीतल्या दोन मोठ्या आरएनएंचे 28एस आणि 18एस असे दोन ठसठशीत पट्टे दिसले तर ठीक. खालपर्यंत नुसता धूर दिसला तर आकडा कितीही देखणा असो, नमुना टाकून द्यायचा.

परीक्षेतल्या गुणांचं हेच आहे, आणि माझं शिकवण्याचं सगळं काम याच शंकेतून सुरू झालं. ट्रान्स्क्रिप्शनच्या, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनण्याच्या, पायऱ्या लिहा म्हटलं की वर्ग भराभरा लिहितो. मग मी एक प्रश्न फळ्यावर टाकतो: जनुकाच्या मध्यावर एक बदल होऊन थांब्याचा कोडॉन ("इथे थांब" सांगणारा तीन अक्षरांचा संकेत) तयार झाला, तर एमआरएनएची, म्हणजे निरोप नेणाऱ्या आरएनएची, लांबी किती राहील? निम्मी, पूर्वीएवढी, की शून्य? कागद गोळा न करता नुसते हात वर करायला सांगा. निम्मी म्हणणारे हात बघून पोटात गोळा येतो. कोडॉन वाचतो तो प्रथिन बनवणारा रायबोसोम. आरएनए बनवणारा पॉलिमरेज कोडॉन वाचतच नाही, त्यामुळे तो थांबायचं कारण नाही. मुलांना दोन्ही प्रक्रिया वेगवेगळ्या पाठ असतात, डोक्यात मात्र त्यांची खिचडी झालेली असते.

अशा वेळी लगेच बरोबर उत्तर सांगायचा मोह आवरा. शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं भांडू द्या, मग पुन्हा हात मोजा. भौतिकशास्त्रात एरिक मझूर यांनी 1990च्या दशकात ही पद्धत रुजवली, आपल्या विषयात ती जशीच्या तशी चालते. आणि एखादी मुलगी विचारतेच, "लांबी तीच असली तरी असला सदोष एमआरएनए पेशी नष्ट करत नाही का?" करते, बऱ्याचदा करते. लांबी तीच राहते, प्रमाण घटतं. माझ्या लॅबमधला विषय असा अलगद वर्गात येतो. संशोधन करणाऱ्याने शिकवावं असं मी म्हणतो ते या क्षणासाठी. संशोधनाच्या गोष्टी सांगून छाप पाडण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

हे सगळं काम करतं का? 2014 मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातल्या 225 अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण सुमारे 34 टक्के होतं, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे 22 टक्के. पण 2019 मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर एक अभ्यास आला, तो नोकरीत नव्याने रुजू होणाऱ्यांनी आधी वाचावा. कामाला लावलेल्या वर्गातली मुलं जास्त शिकली होती, मात्र आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. म्हणजे तुम्ही चांगलं शिकवायला लागलात की मुलांच्या अभिप्रायाचे आकडे घसरू शकतात, आणि नेमके तेच आकडे तुमच्या बढतीच्या फायलीत जाणार. पहिल्याच तासाला मुलांना सांगून टाका की इथे डोकं दुखेल, ते का दुखेल आणि त्याला पुरावा काय.

एका वर्षी एकच घटक बदला. अख्खा अभ्यासक्रम एका दमात उलटापालटा करणारे दुसऱ्या सत्रात थकून जुन्या स्लाइड्सकडे परततात, हे मी बरेचदा पाहिलंय. आधी आणि नंतर तीच चाचणी घ्या, शक्यतो कुणीतरी पारखून घेतलेली. त्यावर पुढे पेपर लिहायचा मानस असेल तर माहिती गोळा करायच्या आधी नीतिमत्ता समितीची परवानगी आणि विद्यार्थ्यांची संमती घ्या, मागाहून ती मिळत नाही. आणि आकडेवारीत एक खड्डा आहे. एका वर्गातली दोनशे मुलं म्हणजे दोनशे स्वतंत्र नमुने नव्हेत. शिक्षक एक, वेळ एक, फळा एक. एकाच नळीतून तीनदा पिपेट करून तीन जैविक नमुने झाले असं तुम्ही लॅबमध्ये म्हणाल का? इथेही म्हणू नका. शिक्षणशास्त्रातला एखादा जाणकार सोबत घ्या. त्यांची भाषा सुरुवातीला पचायला जड जाते, पण आपली त्यांना काय हलकी वाटत असेल!

प्रात्यक्षिकांमध्ये खरं संशोधन आणता आलं तर दोन्ही गाड्या एका रुळावर येतात. जोडीजोडीने विद्यार्थ्यांना आरएनएच्या एकाच वळशातला एकेक वेगळा बदल द्या, म्हणजे सत्राअखेर लॅबला उपयोगी पडेल असा तक्ता तयार होतो. पेशींमधून काढलेला आरएनए मात्र त्यांच्या हाती देऊ नका. टी7 पॉलिमरेज हे आरएनए बनवणारं एन्झाइम वापरून नळीत बनवलेला द्या, तो भरपूर मिळतो, त्यामुळे थोडा वाया गेला तरी सत्र बुडत नाही. बेंचची सोयच नसेल तर इटर्ना आहे. त्या ऑनलाइन खेळात सामान्य खेळाडू आरएनएच्या रचना आखतात आणि त्यांतल्या काही लॅबमध्ये बनवून तपासल्या जातात.

नोकरीबद्दल बोलताना लोक थोरांचे दाखले देतात. कार्ल वायमन 2001 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलनंतर विज्ञानशिक्षणाच्या सुधारणेकडे वळले, चेकही नोबेल मिळाल्यावर रसायनशास्त्राचे सुरुवातीचे वर्ग घेत राहिले. खरं आहे, पण त्यांच्या खिशात नोबेल होतं. तुमच्या खिशात दोन पेपर आणि एक अर्धवट ग्रँट असताना गणित वेगळं असतं. पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, काळात एखाद्या अभ्यासक्रमाचा एक भाग स्वतः आखून शिकवा, त्याची मोजमापं जपून ठेवा आणि ती नोंद लिहून काढा. "सीबीई लाइफ सायन्सेस एज्युकेशन" हे नियतकालिक 2002 पासून अशाच कामासाठी निघतंय, "बायोकेमिस्ट्री अँड मॉलिक्युलर बायोलॉजी एज्युकेशन" ही जागाही चांगली आहे. अर्जासोबतच्या शिक्षणविषयक निवेदनात "मला शिकवण्याची तळमळ आहे" हे वाक्य लिहू नका. समितीने ते इतक्यांदा वाचलेलं असतं की डोळा त्यावरून घसरतो. त्याऐवजी थांब्याच्या कोडॉनसारखा एक प्रश्न लिहा, मुलं कुठे अडकली, तुम्ही काय बदललं आणि नंतर काय दिसलं ते लिहा.

मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" म्हणतात, तेव्हा दोन गोष्टी विचारा. शिक्षणावरचा पेपर या खात्यात बढतीला धरला जातो का? आणि पहिल्या वर्षी तासांचा भार किती? पहिल्यावर "आम्हाला शिकवण्याबद्दल खूप आदर आहे" असं गुळमुळीत उत्तर आलं, तर नुकतीच बढती मिळालेल्या एखाद्या तरुण प्राध्यापकाला चहाच्या वेळी बाजूला गाठा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा.