क्रमशः छापायला देण्याआधी

आमच्या परभणीकडं श्रावणात देवळात पोथी लागते. एक जण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, अध्याय संपला की पोथी बांधून ठेवतात. साप्ताहिकात कादंबरी क्रमशः द्यायची असेल तर आधी तिथं महिनाभर बसा. अध्याय कुठं थांबला आणि दुसऱ्या दिवशी मागचा धागा किती थोडक्यात जोडला, हे तिथं कानानं शिकता येतं.

मग हिशोब. वर्षाचे ५२ अंक, भाग ८०० शब्दांचा, म्हणजे ४१,६०० शब्द. यातलं निम्मं लिहून झालेलं हवं, शेवटाचा कच्चा खर्डाही हवा. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली, पण तिथं संपादकही तेच होते. आपला अंक दुसऱ्याच्या हातात असतो आणि त्याची तारीख आपल्यासाठी थांबत नाही. पेरणी-काढणीत लिहायला सवड नसेल तर तेवढे भाग आधीच देऊन ठेवा.

एक वही फक्त पात्रांसाठी करा. नाव, वय, नातं, घराचं तोंड कुठल्या दिशेला, सगळं तिच्यात लिहा. माझ्या गोष्टीतली वाड्यामागची विहीर आठ भागांनंतर अंगणात आली होती. एका आजींनी पत्र लिहून विचारलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. इतक्या जिव्हाळ्यानं वाचणाऱ्या माणसाला आपण फसवलं, असं झालं. त्याच वहीत प्रत्येकाची बोलीही उतरवा. पहिल्या भागात ‘काय करायलास?’ विचारणारी आई दहाव्यात ‘काय करतोयस?’ म्हणाली, तर ती आईच बदलली. मुद्रितशोधनात ‘कामून’चं ‘कशासाठी’ होऊ नये म्हणून बोलीच्या शब्दांची यादी पहिल्या भागासोबतच संपादकांना द्या. मराठवाड्याचं बोलणं छापून येणार असेल तर ते जसंच्या तसं यावं, यासाठी भांडायची वेळ आली तरी भांडा.

हक्क फक्त क्रमशः छपाईपुरते दिल्याचं लेखी घ्या, मुदतही घाला. ती नसेल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं पाच वर्षं धरली जाते, आणि तेवढ्यात पुस्तक अडकू शकतं. शेवटी, प्रत्येक अंकाच्या दोन प्रती मागून घ्या. एक वाचायला फिरेल. दुसरी वाळवी लागणार नाही अशा पत्र्याच्या पेटीत ठेवा, पुस्तकाच्या वेळी छापलेला मजकूर त्यातूनच ताडून बघायचा आहे.