दुकानाला मत नसते: चिपळूणच्या छोट्या व्यावसायिकासाठी तयारीची यादी

२ डिसेंबर २०२५ रोजी, मंगळवारी, चिपळूण नगरपरिषदेसाठी मतदान झाले, तेव्हा बाजारपेठेतले एक किराणा व्यापारी सकाळी आठच्या सुमारास केंद्रावर आले होते. एका हातात आधार कार्ड आणि दुसऱ्या हातात, बहुधा बाजू भक्कम असावी म्हणून, दुकानाच्या मालमत्ता कराची ताजी पावती. केंद्राबाहेरच्या टेबलावर बसलेल्या मुलाने यादी दोनदा चाळली, मग मोबाइलवर शोध घेतला, आणि नाव निघाले ते शहराला लागून असलेल्या खेर्डी गावाच्या यादीत. काका बऱ्याच वर्षांपूर्वी खेर्डीला राहायला गेले, तिथे नाव नोंदवले आणि विसरून गेले. दुकान शहरात, कर शहरात, घर मात्र ग्रामपंचायतीत. “एवढा कर भरतो, तर मत का नाही?” असे ते दोन-तीनदा म्हणाले आणि पावतीची घडी घालून परत गेले.

मतदार यादीत नाव लागते ते माणूस सामान्यतः जिथे राहतो त्या पत्त्यावर. एखाद्या ठिकाणी आपली मालमत्ता आहे, एवढ्यावरून तिथला रहिवास सिद्ध होत नाही. म्हणजे दुकानाला मत नसते. ज्या रस्त्यावर, ज्या गटाराच्या कडेला आणि ज्या पाण्याच्या भरवशावर आपला धंदा चालतो, तिथल्या निर्णयांवर आपला हात पोहोचवायचा तर मतदान हा एकच मार्ग पुरत नाही. हरकती, सुनावण्या, अर्ज आणि पोच हा दुसरा मार्गही धरावा लागतो. पुढील यादी या दोन्ही मार्गांची आहे. ती चिपळूणपुरती लिहिली असली, तरी ब वर्गाच्या, म्हणजे चाळीस हजार ते एक लाख लोकवस्तीच्या, इतर नगरपरिषदांतही तिचा बराचसा भाग लागू पडेल.

पहिले काम मतदार यादीचे, आणि ते निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी करायचे आहे. नगरपरिषदेची वेगळी मतदार यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेऊन राज्य निवडणूक आयोग ती प्रभागनिहाय फोडतो. या वेळी १ जुलै २०२५ ही ती तारीख होती. ज्यांनी त्यानंतर, अगदी गणपतीत गावी आल्यावर, नाव नोंदवले, त्यांची नोंदणी खरी असूनही या मतदानासाठी उपयोगाची ठरली नाही. पत्ता बदलला असेल तर अर्ज क्रमांक ८, नव्याने नाव नोंदवायचे असेल तर अर्ज क्रमांक ६, आणि घरातील दिवंगत व्यक्तीचे नाव वगळण्यासाठी अर्ज क्रमांक ७ हे वर्षभर कधीही भरता येतात. ऑक्टोबरमध्ये प्रभागनिहाय प्रारूप याद्या लागल्या तेव्हा हरकतींसाठी मोजकेच दिवस होते, आणि ते नेमके दिवाळीच्या माल भरण्याच्या धांदलीत आले. प्रारूप यादीवरील हरकतीत आपले नाव चुकीच्या प्रभागात गेले आहे एवढे दाखवता येते. मूळ विधानसभा यादीत नसलेले नाव तिथे घालता येत नाही. तेव्हा आजच घरातील प्रत्येकाचे नाव, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक एका कागदावर उतरवून ठेवावेत. एखाद्याच्या नावापुढे दोन तारे दिसले, तर ते संभाव्य दुबार मतदाराचे चिन्ह असते. अशा व्यक्तीने आपण कोणत्या एकाच केंद्रावर मतदान करणार हे आधी कळवले, तर केंद्रावर हमीपत्र लिहून देण्याची वेळ येत नाही.

ज्यांचे घर खेर्डीत आहे आणि दुकान शहरातल्या चिंचनाक्याला आहे, त्यांनी यादीत खोटा पत्ता घालण्याचा विचारही करू नये. तो गुन्हा आहे. त्यांनी आपले मत ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेसाठी वापरावे, आणि शहरातील कामांसाठी या यादीचा उत्तरार्ध अधिक बारकाईने वाचावा.

उमेदवारांना काय विचारायचे, याची तयारी कोणीच करत नाही. प्रचारफेरी दुकानासमोर थांबते, हात जोडले जातात, आपणही जोडतो, आणि गिऱ्हाईक खोळंबलेले असल्याने सगळे एका मिनिटात आटोपते. त्या एका मिनिटासाठी एकच प्रश्न, तोही आपल्या शटरपासून शंभर पावलांच्या आतला, लिहून गल्ल्याजवळ चिकटवून ठेवावा. गटारावरची फरशी, मालाची गाडी उतरवण्याची वेळ आणि जागा, कोपऱ्यावरचा बंद दिवा, स्वच्छतागृह यांपैकी एक. बाजारपेठेत खरेदीला येणाऱ्या बायकांसाठी धड स्वच्छतागृह नसेल, तर गिऱ्हाईक अर्ध्या तासात घराकडे वळते आणि तिसऱ्या दुकानाचा नंबरच लागत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. उमेदवाराचे शपथपत्रही पाहावे: मालमत्ता, देणी, गुन्हे, शिक्षण हे सारे त्यात असते.

मतदानाच्या दिवसाची तयारी थोडक्यात सांगतो. वेळ सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच अशी होती. मतदार असलेल्या कामगारांना भरपगारी सुटी, आणि ती देणे शक्यच नसेल तिथे मतदानापुरती दोन-तीन तासांची सवलत द्यावी, असे शासनाचे आदेश अशा वेळी निघतात. दुकानात दोनच माणसे असतील तर कोण कधी जाणार हे आदल्या दिवशी ठरवावे. ज्या गावाचा आठवडी बाजार त्याच वारी येतो, तिथला बाजार जिल्हाधिकारी पुढे ढकलतात, म्हणून भाजी-मासळी आणि इतर नाशवंत मालाची मागणी आधीच कमी करावी. मतदार ओळखपत्र हाताशी नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना किंवा छायाचित्र असलेले बँक पासबुक चालते. मालमत्ता कराची पावती चालत नाही. नगरपरिषदेत साधारणपणे एका मतदाराला तीन मते द्यायची असतात, दोन आपल्या प्रभागातील दोन जागांसाठी आणि एक थेट नगराध्यक्षपदासाठी. पुष्कळ जण एक बटण दाबून वळतात आणि केंद्राध्यक्षांना त्यांना हाक मारून परत बोलवावे लागते. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर ‘नोटा’ आहे.

मंडप, छपाई, खानावळ, गाड्या भाड्याने देणे हे ज्यांचे धंदे आहेत, त्यांना निवडणूक हा हंगाम असतो. त्यांनी उमेदवाराच्या नावाचे लेखी मागणीपत्र घ्यावे, पक्के बिल द्यावे आणि पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव छापल्याशिवाय गठ्ठा बाहेर सोडू नये. उधारीवर काम घेऊ नये हे मी वेगळे सांगायला नको. हरलेल्या उमेदवाराकडून वसुली कशी होते, ते ज्याने केली आहे त्यालाच ठाऊक.

आता उत्तरार्ध, आणि त्यात सर्वांत आधी पाणी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा माझ्या दुकानातले सगळे कागद टेबलाच्या खालच्या खणात होते. शॉप अ‍ॅक्टचा दाखला, भाडेकरार, तीन वर्षांची बिले. पाणी ओसरल्यावर तो खण उघडायलाच दोन माणसे लागली, इतके लाकूड फुगले होते; आत कागदांची एक वीट झाली होती. वर्तमानपत्राच्या पानांत घालून सुकवल्यावर करारावरचे शिक्के तेवढे दिसत होते, मजकूर धुऊन गेला होता. त्यामुळे सर्व मूळ कागद पोटमाळ्यावर, प्लॅस्टिकच्या बंद पेटीत, आणि त्यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये किंवा ईमेलवर, हे कलम मी कोणत्याही परवान्याच्या आधी लिहितो.

त्याच्या जोडीला विमा. केवळ आगीचा विमा आहे की पूर-वादळाचेही संरक्षण त्यात आहे, हे पॉलिसीत वाचून घ्यावे. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे आणि तिच्यात पुराचे संरक्षण असते. मालाची किंमत कमी दाखवून हप्ता वाचवण्याची सवय मोडावी, कारण दहा लाखांचा माल असताना पाच लाखांचाच विमा घेतला, तर अर्ध्या मालाचे, म्हणजे पाच लाखांचे नुकसान झाले तरी भरपाई त्याच प्रमाणात कापून अडीच लाखांचीच मिळते. दर महिन्याच्या शेवटी मालसाठ्याची नोंद आणि दुकानाची चार छायाचित्रे दुकानाबाहेर कुठेतरी साठवून ठेवावीत.

धंदा वाढवायचा, म्हणजे मागे गोदाम किंवा वर मजला चढवायचा विचार असेल, तर वास्तुविशारदाकडे जाण्याआधी पूररेषेचा नकाशा पाहावा. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींसह. या रेषा कशा आखल्या, यावरून शहरात वाद आहे आणि तो निकाली निघेलही, परंतु आज बँक आणि नगररचना विभाग दोघेही आज लागू असलेल्या नकाशावरच बोट ठेवतात. ज्यांनी इसार देऊन मग नकाशा पाहिला, असे दोघे माझ्या माहितीत आहेत. विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा आपल्या सर्व्हे क्रमांकावर रस्ता किंवा आरक्षण पडले आहे का, हे मुदतीत पाहून लेखी हरकत द्यावी. हरकत देण्यासाठी मतदार असावे लागत नाही, आणि खेर्डीत राहणाऱ्यांना शहराच्या कारभारात स्वतःचा शब्द नोंदवण्याची ही सर्वांत चांगली संधी आहे.

मालमत्ता कराचेही तसेच. नगरपरिषदेत चार वर्षांनी फेरआकारणी होते, नोटीस येते आणि हरकतीवर सुनावणी होते. नोटीस आल्यावर दुकानाचे क्षेत्रफळ स्वतः फीत लावून मोजावे, वापर निवासी लिहिला आहे की वाणिज्य ते पाहावे, आणि जिने किंवा पडवी दोनदा मोजली गेली नाही ना, याची खात्री करावी. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, म्हणून वाद चालू असला तरी आपल्या मते योग्य असलेली रक्कम निषेध नोंदवून भरून टाकणे परवडते. जकात आणि मोठ्या शहरांतला स्थानिक संस्था कर दोन्ही इतिहासजमा झाल्यापासून नगरपरिषदेच्या हक्काच्या उत्पन्नात मालमत्ता कराचे वजन वाढले आहे, हे लक्षात ठेवून अंदाजपत्रकाच्या आधी, म्हणजे जानेवारीतच, व्यापारी संघटनेने आपले एक पानी निवेदन द्यावे आणि त्यावर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच नसलेले निवेदन म्हणजे गप्पा. २०१६ नंतर थेट २०२५ मध्ये मतदान झाले, मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाची गेली, आणि त्या काळात ज्यांच्याकडे पोच होत्या त्यांचीच कामे पुढे सरकली.

परवान्यांत फारसे अडण्यासारखे नाही. उद्यम, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची केंद्र सरकारकडील, नोंदणी मोफत आहे. तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर ते संकेतस्थळ बनावट समजावे. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो, म्हणजे आपल्या बाजारपेठेतले जवळजवळ सगळेच. दुकाने व आस्थापना कायद्यानुसार छोट्या दुकानाला केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. नोंदणीसाठी दहा कामगारांची मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला आहे. पाटी देवनागरी मराठीत, आणि इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसलेली, असावी.

कर्ज-अनुदानाचा विचार करताना शहराची हद्द पुन्हा आडवी येते, पण या वेळी खेर्डीच्या बाजूने. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण प्रवर्गातील अर्जदाराला शहरी भागात १५ टक्के, तर ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळते. महिला आणि राखीव प्रवर्गांसाठी हेच दर २५ आणि ३५ टक्के आहेत. काजू प्रक्रिया, कोकम, फरसाण यांसारखा उद्योग काढणाऱ्याने युनिट शहरात टाकायचे की हद्दीबाहेर, हे जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज करण्याआधी ठरवावे, कारण नंतर पत्ता बदलणे म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यापासून.

पथविक्रेत्यांसाठी मात्र खरोखरच धंद्याला मत आहे. २०१४ च्या कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी विक्रेत्यांमधून निवडून द्यायचे असतात, त्यांपैकी एक तृतीयांश महिला. हातगाडी नेमकी कुठे लावायची याच्या शिफारशी ही समिती करते, तरी तिच्या यादीत आपले नाव आहे का, हे तपासायला फार थोडे जण जातात. सर्वेक्षणात नाव, प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक असला, की पीएम स्वनिधीचे पहिले १५ हजारांचे कर्जही मागता येते. ते वेळेत फेडले की २५ आणि पुढे ५० हजार. मार्च २०३० पर्यंत ही योजना चालू आहे.

माझी पेटी सध्या पोटमाळ्यावर, भिंतीवरच्या २०२१ च्या चिखलरेषेपासून अडीच हात वर आहे. तिच्यात वरच्या बाजूला घरातल्या चौघांचे यादी भाग क्रमांक लिहिलेला कागद आहे, आणि त्याच्याखाली जानेवारीत दिलेल्या निवेदनाची, अजून उत्तर न आलेली, पोच.