टाय रॉड एंड घरच्या घरी बदलताना

लहानसहान खड्ड्यातही पुढच्या चाकापाशी कटकट आवाज येतो, स्टिअरिंग मधल्या जागी सैल लागते, सरळ रस्त्यावरही गाडी सतत धरून ठेवावी लागते आणि टायरची एकच कड झिजत जाते, अशी लक्षणे एकत्र दिसू लागली की संशयाची सुई बहुधा टाय रॉड एंडकडे वळते. स्टिअरिंगच्या रॅकमधून (स्टिअरिंगचे फिरणे डाव्या-उजव्या सरकण्यात बदलणाऱ्या भागातून) आलेला दांडा चाकाच्या नकलला, म्हणजे चाक पेलून वळवणाऱ्या धातूच्या भागाला, जिथे जोडलेला असतो, तिथला हा सांधा. त्याच्या आत गोल डोक्याचा पिन, त्याभोवती ग्रीस आणि वरून रबरी बूट, म्हणजे टोपण, असतो. बूट एकदा फाटला की पावसाळ्यात आत चिखलपाणी शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि सांधा झपाट्याने खिळखिळा होतो. पुण्यात जून ते सप्टेंबर या काळात रस्त्यांची जी अवस्था असते, ती पाहता या बुटांकडे वर्षातून एकदा वाकून पाहिलेले बरे.

स्टिअरिंगच्या सुट्या भागांपैकी घरी पहिल्यांदा हात घालण्याजोगा भाग हाच आहे. त्याच्या आतल्या बाजूचा रॅक एंड बदलायला खास हत्यार आणि थोडा सराव लागतो. संपूर्ण रॅक आणि एअरबॅग असलेला स्टिअरिंग कॉलम तर घरच्या कामाच्या यादीत घेऊच नये. टाय रॉड एंड बदलायला ताकद फारशी लागत नाही, मोजमाप मात्र काटेकोर लागते, आणि नवख्याचे काम बिघडते ते बहुधा याच ठिकाणी.

भाग विकत घेण्याआधी दोष नक्की कुठे आहे हे ठरवावे. गाडी सपाट जागी उभी करून, चाके जमिनीवरच ठेवून, एका माणसाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडेथोडे हलवायला सांगावे. त्यासाठी इंजिन चालू करण्याची गरज नाही. फक्त किल्ली इतकी फिरवावी की स्टिअरिंगचे लॉक सुटेल. आपण चाकामागे हात घालून बोटे सांध्यावर अशी ठेवावीत की एक बोट टाय रॉड एंडच्या अंगावर आणि दुसरे नकलवर येईल. सांधा झिजला असेल, तर दोन्ही भाग एकत्र न हलता त्यांच्यात बारीकसा टिचका जाणवतो, आणि तो डोळ्यांनी दिसण्याआधी बोटाला कळतो. नंतर चाक उचलून, ते घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे. इथे खेळ (सैलपणा) जाणवला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड दोषी असतो. बारा आणि सहाच्या जागी धरल्यावरच खेळ लागत असेल, तर खालच्या आर्मचा बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग तपासावे लागते, आणि मग हा लेख बाजूला ठेवून गॅरेज गाठणेच योग्य.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठेचा रस्ता बहुतेकांना ठाऊक असतो. मात्र तिथे केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत आणि प्रकारांत हा भाग बदललेला असू शकतो, आणि डावा व उजवाही सारखा असेलच असे नाही. म्हणून चासी क्रमांक लिहून न्यावा. नवा सांधा हातात घेऊन पिन हलवून पाहावा. तो घट्ट, सावकाश आणि सगळीकडे सारख्याच जोराने फिरला पाहिजे. सहज लोंबकळणारा पिन दुकानातच परत करावा. सोबत नवा नट आणि स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून त्यातून घालायची दोन पायांची पिन) मिळतो की नाही, हे विचारून घ्यावे आणि बिल मागून घ्यावे. दोन्ही बाजूंचे सांधे एकाच वयाचे असतील तर जोडीने बदलणे मला पटते, पण काम एका वेळी एकाच बाजूचे करावे, म्हणजे जोडणी कशी होती हे पाहायला दुसरी बाजू जशीच्या तशी समोर राहते.

जागा पक्की हवी. बऱ्याच सोसायट्यांच्या आवारात पेव्हिंग ब्लॉक असतात आणि वजन एका बिंदूवर आले की ते खचतात, तेव्हा जॅक व स्टँडखाली जाड प्लायवूडचा तुकडा घालावा. उतारावरच्या पार्किंगमध्ये हे काम काढूच नये. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे पुढचे चाक उचलले की गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीला गिअरचा आधार उरत नाही, म्हणून हँडब्रेक पूर्ण ओढून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मग गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचलावी आणि लगेच भक्कम स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातही घालू नये. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवले, तर स्टँड घसरलाच तरी आधार राहतो.

गंजलेल्या आट्यांवर आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा आणि सकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत. आता महत्त्वाचे मोजमाप. सांध्याच्या पिनच्या मध्यापासून दांड्यावरच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवावे आणि चेक नट (सांधा दांड्यावर जागीच पक्का धरणारा नट) जिथे आहे तिथे दांड्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारावी. एक छायाचित्रही काढून ठेवावे. दांड्याच्या चपट्या भागावर एक पाना धरून दुसऱ्या पान्याने चेक नट फक्त पाव फेरा सैल करावा. दांडा धरला नाही तर तो आतल्या रबरी बुटासकट पिळला जातो आणि एका कामाची दोन कामे होतात. काही गाड्यांत आटे उलटे असतात, म्हणून नट अजिबात हलत नसेल तर पान्यावर पाइप चढवण्यापूर्वी आट्यांची दिशा पाहावी.

त्यानंतर स्प्लिट पिन काढून सांध्याच्या पिनवरचा मोठा नट उघडावा, पण पूर्ण काढू नये. दोन-तीन आट्यांवर तो राहू द्यावा, म्हणजे सांधा सुटताना एकदम खाली आदळत नाही. सांध्याचा पिन निमुळता असून नकलच्या तशाच निमुळत्या छिद्रात घट्ट रुतलेला असतो. तो सोडवायला पुलर, म्हणजे स्क्रू कसून पिन दाबून सोडवणारे हत्यार, उत्तम. पुलर कसून ताण दिला की बरेचदा काहीच घडत नाही, आणि मग ध्यानीमनी नसताना बंदूक उडाल्यासारखा आवाज होऊन पिन सुटतो. त्या वेळी तोंड तिथून दूर असावे. पुलर नसेल तर नकलच्या ज्या कानात पिन बसलेला असतो, त्या कानाच्या बाजूवर एक किलोच्या हातोडीचे ठाम घाव घालावेत. पिनच्या टोकावर ठोकण्याचा मोह टाळावा. त्याने आटे बसतात, नट अडकतो आणि पिन मात्र जागचा हलत नाही. सांधा मोकळा झाला की तो दांड्यावरून फिरवून काढताना फेरे मोजावेत, अर्धा फेरासुद्धा नोंदवावा.

हे मोजणे का, ते थोडक्यात सांगतो. आट्यांचे अंतर दीड मिलिमीटर असेल तर एका फेऱ्यात दांड्याची लांबी दीड मिलिमीटरने बदलते. नकलचा कान वळणाच्या अक्षापासून साधारण तेरा सेंटिमीटरवर आणि रिम चौदा इंची धरली, तर रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जवळपास 4 मिलिमीटरचा फरक पडतो. एवढ्या फरकाने टायर झपाट्याने झिजतो.

नवा सांधा तितकेच फेरे फिरवून बसवावा, पण निव्वळ फेऱ्यांवर विसंबू नये, कारण नव्या भागाच्या अंगाची लांबी जुन्याहून थोडी वेगळी असू शकते. पिनच्या मध्यापासूनचे लिहून ठेवलेले अंतर जुळते का, हे पुन्हा मोजावे. नकलचे छिद्र आणि नवा पिन दोन्ही कोरड्या कपड्याने पुसावेत. निमुळत्या भागाला ग्रीस किंवा तेल लावू नये. त्याची पकड कोरड्या घर्षणावर असते. नट आवळताना पिनच गोल फिरू लागला, तर सांध्याखाली छोट्या जॅकचा हलका दाब देऊन पिन छिद्रात बसवावा, मग नट पकड घेतो. नटाचा टॉर्क, म्हणजे तो आवळण्याच्या जोराचे माप, प्रत्येक गाडीचा वेगळा असतो आणि तो त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. ‘चांगला घट्ट’ हे माप इथे चालत नाही. खाचांचा नट असेल तर ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळून, खाच आणि पिनचे भोक जुळले नाही तर नट आणखी थोडा पुढेच न्यावा, मागे कधीच सोडू नये, आणि नवा स्प्लिट पिन घालून त्याचे पाय नीट वाकवावेत. नायलॉनची कडी असलेला नट असेल तर जुना वापरू नये. मग दांडा धरून चेक नट आवळावा.

चाक लावून नट एकाआड एक पद्धतीने बसवावेत, गाडी खाली घ्यावी आणि चाकाचे नट पुस्तिकेतल्या टॉर्कवर शेवटचे आवळावेत. आवारात एक संथ फेरी मारून ब्रेक, वळण आणि आवाज पाहावा. आपण कितीही काटेकोर मोजले असले तरी तिथून थेट अलाइनमेंटच्या दुकानात जावे, हायवेवर चाचणी घेत फिरू नये. तिथल्या कारागिराला आपण टाय रॉड एंड बदलला आहे हे आधी सांगावे. टो (पुढची चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) जुळवण्यासाठी तो कारागीर तेच चेक नट सोडणार असतो, म्हणून काम झाल्यावर ते पुन्हा आवळले गेले आहेत ना, हे आपल्या डोळ्यांदेखत पाहावे. स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर असलेल्या काही गाड्यांत तो नव्याने शून्यावर आणावा लागतो. अलाइनमेंटनंतर डॅशबोर्डवर दिवा लागला किंवा सरळ चालतानाही स्टिअरिंग तिरके राहिले, तर बिल देण्याआधी तिथेच दुरुस्त करून घ्यावे.

पुढच्या आठवड्यात एकदा गाडीखाली टॉर्च मारून चेक नट सैल झालेला नाही आणि बुटातून ग्रीस बाहेर येत नाही एवढे पाहावे, आणि चाकाच्या नटांवर पुन्हा एकदा टॉर्क रेंच फिरवावा.