स्टारफिशला खायला घालताना या चुका टाळा

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधले स्टारफिश बरेचदा आजाराने नाही तर उपासमारीने जातात, आणि वाईट म्हणजे ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. मासा उपाशी असेल तर त्याचं पोट खपाटीला गेलेलं दिसतं, आपण जवळ गेलो की वर येतो. स्टारफिश मात्र अंगातला साठा वापरत महिनोन्महिने आरामात काचेवर फिरत राहतो आणि मग अचानक त्याचे हात गळायला लागतात. तेव्हा खायला घालून सहसा काही उपयोग होत नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपल्याकडे कुठला स्टारफिश आहे हेच माहीत नसणं. "काचेवरचं शेवाळ खाईल, वेगळं काही लागत नाही" असं दुकानात सांगितलं जातं आणि आपण विश्वास ठेवतो. चॉकलेट चिप, म्हणजे ज्याच्या अंगावर गडद टोकदार उंचवटे असतात तो, त्याला मांस लागतं (आणि कोरलच्या, म्हणजे जिवंत प्रवाळाच्या टँकमध्ये तो नकोच, कोरल खाऊन टाकेल). वाळूत घुसून बसणारा सँड सिफ्टिंग स्टार वाळूतले बारीक जीव खातो, दोन-तीन फुटी टँकमधली वाळू तो काही महिन्यांत रिकामी करतो आणि मग त्याला खायला काहीच उरत नाही, त्यामुळे लहान टँकवाल्यांनी तो घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. निळा लिंकिया सुंदर दिसतो म्हणून लोक उचलतात पण तो दगडांवरचा पातळ जिवंत थर चरतो, कोळंबीचा तुकडा दिला तरी बरेचदा तोंड लावत नाही, म्हणून तो फक्त जुन्या आणि मोठ्या टँकसाठी. नवशिक्यांनी ब्रिटल स्टार, म्हणजे बारीक लांब हातांचा स्टारफिशचा भाऊबंद, घ्या, उरलंसुरलं खाऊन मजेत जगतो. फक्त हिरवा ब्रिटल स्टार नको, तो रात्री लहान मासे पकडतो.

आता चॉकलेट चिपला भरवायचं कसं. बरेच जण तुकडा वरून टाकून देतात आणि खाल्लं असेल असं समजतात. प्रत्यक्षात मासे, हर्मिट क्रॅब आणि श्रिम्प तो आधीच पळवतात, कारण स्टारफिशला वास लागून तिथे पोचायलाच वेळ लागतो. लांब चिमट्याने तुकडा थेट त्याच्या हाताखाली सरकवा. नळीसारखे बारीक पाय तो तुकडा धरून हळूहळू मधल्या तोंडाकडे नेतात, मग तो त्यावर फुगीर होऊन बसतो आणि पोट बाहेर काढून तिथेच पचवायला लागतो. याला तास-दोन तास किंवा जास्तही लागतात, तेवढा वेळ त्याला हलवू नका. चोर जास्त असतील तर प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून, भोकं पाडून त्याच्यावर पालथा ठेवा, खाऊन झालं की काढा. काचेला चिकटलेला असेल तर ओढून सोडवू नका, पाय तुटतात.

कोळंबी, म्हाकूल, तिसऱ्यांचं मांस, यातलं काहीही चालतं पण कच्चं आणि साधं, मीठ-हळद लावलेलं किंवा उकडलेलं नको. नखाएवढा तुकडा, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हासाठी आधीच छोटे तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि देताना पूर्ण वितळवून, आरओच्या पाण्यात धुऊन द्या. खाल्लं नाही तर उरलेला तुकडा त्याच दिवशी काढा, नाहीतर तो सडून अमोनिया वाढतो.

नवा आणलेला काही दिवस खात नाही, घाबरू नका. पण जुना खाणारा अचानक थांबला तर आधी खारेपणा मोजा, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२५ च्या आसपास स्थिर हवी, आणि माशांसाठी तांब्याचं औषध टाकलंय का ते आठवा, ते स्टारफिशला विषच आहे.

अंग चपटं, पांढरे डाग, असं दिसलं तर वेगळ्या टाकीत ठेवा. जिवंत आहे का शंका असेल तर पाण्यातच उलटा करून बघा, पाय हलत नसतील आणि मांस सुटत असेल तर लगेच बाहेर काढा आणि त्याच दिवशी थोडं पाणी बदला, मेलेला स्टारफिश लहान टँकचं पाणी फार पटकन नासवतो.